सरकारी अभियोक्ता नायिका असलेली न्यायालयीन थरारकथा : घर किती दाखवावे?

अनघा_नौपाडा

गेली काही वर्षे मी एक न्यायालयीन थरारकादंबरी लिहीत आहे आणि तिचा दुसरा खर्डा आता पूर्ण झाला आहे. नायिका ठाणे सत्र न्यायालयात अतिरिक्त सरकारी अभियोक्ता आहे. नवरा ऐरोलीतील एका संगणक कंपनीत नोकरीला, मुलगी दहावीत आणि सासूबाई सोबत राहणाऱ्या. खटला खुनाचा आहे. सिडकोच्या साडेबारा टक्के योजनेत संपादित जमिनीच्या बदल्यात मिळणाऱ्या भूखंडांच्या फायली प्रकल्पग्रस्तांकडून स्वस्तात घेऊन पुढे विकणाऱ्या एका दलालाचा खून झाला आहे, आणि ज्याच्या सांगण्यावरून तो झाला त्याचे नाव दोषारोपपत्रात कुठेही नाही.

खर्डा वाचणाऱ्या मित्रमंडळींत दोन तट पडले आहेत. एका गटाचे म्हणणे असे की न्यायालयातील प्रकरणे पकड घेतात, परंतु घर आले की वेग मंदावतो, म्हणून घरातील प्रकरणे निम्मी करावीत. दुसऱ्या गटाला घर हवे आहे, मात्र ते धोक्यात आले तरच. त्यांच्या मते शेवटच्या टप्प्यात मुलीचे अपहरण व्हायला हवे. मला दोन्ही सल्ले पटलेले नाहीत. अपहरण झाले की नायिका वकील उरत नाही, ती केवळ आई होते, आणि मग तिने तोवर जो खटला चालवला त्याचे काय करायचे, हा माझ्यापुढचा प्रश्न आहे. येथे वकील आहेत आणि पट्टीचे वाचकही आहेत. धोक्याचे खटले चालवणाऱ्या अभियोक्त्याचे घर कादंबरीत कसे यावे, असे तुम्हाला वाटते?

कोलशेतकर

अपहरणाला माझी तत्त्वतः हरकत नाही. फक्त ते घोडबंदर रस्त्यावर संध्याकाळी सातला करू नये. अपहरणकर्ते कापूरबावडीच्या कोंडीत अडकतील, पोलीस पायी चालत येऊन त्यांना पकडतील आणि कादंबरी तिथेच संपेल.

वकीलकाका_चरई

मी ठाण्यात फौजदारी बाजू चालवतो आणि बहुतेक वेळा आरोपीतर्फे उभा राहतो, त्यामुळे सरकारी वकिलांना मी समोरच्या बाजूने पाहिलेले आहे. त्यावरून काही गोष्टी सांगतो.

सहायक आणि अतिरिक्त या दोन पदांत लेखक मंडळी हमखास गल्लत करतात. सहायक सरकारी अभियोक्ता लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून येतात, पगारी असतात आणि न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे खटले चालवतात. सत्र न्यायालयातील अतिरिक्त सरकारी अभियोक्ता हे किमान ७ वर्षे वकिली केलेल्यांतून नेमले जातात. जिल्हा दंडाधिकारी सत्र न्यायाधीशांशी विचारविनिमय करून नावांची यादी तयार करतात आणि शासन नेमणूक करते. ही नेमणूक मुदतीची असते, मोबदला मानधनाच्या स्वरूपात मिळतो आणि त्याची बिले वेळेवर निघतीलच असे नाही. अनघाताई, तुमच्या नायिकेच्या घरात हप्ते कोण भरतो, हे यावरून ठरते. खर्ड्यात ते कुठे आले आहे का?

दुसरी गोष्ट तिच्या दिवसाची. सकाळी पैरवी अधिकारी, म्हणजे न्यायालयाचे काम पाहणारा पोलीस, येऊन सांगतो की साक्षीदाराला समन्स बजावले आहे, पण तो आलेला नाही. साक्षीदार आला असेल तर मुद्देमाल पोलीस ठाण्यातून आलेला नसतो. मुद्देमालही आला असेल तर आरोपीला तळोजा कारागृहातून आणण्यासाठी बंदोबस्त मिळालेला नसतो. रोजनाम्यात पुढची तारीख पडते आणि तिने रात्री जागून केलेली सरतपासाची, म्हणजे आपल्या साक्षीदाराच्या पहिल्या तपासणीची, तयारी पुन्हा कपाटात जाते. कलिन्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेतून सी. ए. रिपोर्ट, म्हणजे रासायनिक विश्लेषकाचा अहवाल, यायचा असेल तर विचारूच नका. ज्या दिवशी मुलीच्या शाळेत पालकसभा होती म्हणून तिने सुट्टी मागायला हवी होती पण मागितली नाही, नेमक्या त्याच दिवशी न्यायालयात काहीही घडले नाही, असा प्रसंग मला कोणत्याही गोळीबारापेक्षा खरा वाटेल.

एक भीतीही वाटते, म्हणून आधीच विचारतो. आरोपीने पोलीस निरीक्षकासमोर दिलेल्या कबुलीवर खटला जिंकला जात नाही ना? साध्या खटल्यात पोलिसापुढची कबुली आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही. प्रकरण मोक्काखाली असेल तर पोलीस अधीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने, म्हणजे आपल्या आयुक्तालयात उपायुक्ताने, विहित पद्धतीने नोंदवलेली कबुली चालते.

मंदार_ऐरोली

वकीलकाकांचा मान राखून असहमती नोंदवतो. त्यांनी सांगितलेले सारे खरे असेल, पण तारखांवर तारखा पडण्याचे यथातथ्य वर्णन म्हणजे थरारकथा नव्हे. वाचक पैसे देऊन पुस्तक विकत घेतो ते पुढचे पान उलटण्यासाठी. आणि धोका काल्पनिक असतो, प्रत्यक्षात केवळ कागदपत्रांचा कंटाळा असतो, हेही खरे नाही.

इटलीचे उदाहरण पाहा. जोव्हान्नी फाल्कोने यांनी सिसिलीतील माफियांविरुद्धच्या मोठ्या खटल्याचा पाया घातला. २३ मे १९९२ रोजी पालेर्मोजवळ कापाची येथे महामार्गाखाली पेरलेल्या स्फोटकांनी त्यांची गाडी उडवण्यात आली. त्यांच्यासोबत त्यांच्या पत्नी फ्रान्चेस्का मोर्व्हिल्लो होत्या, ज्या स्वतः न्यायाधीश होत्या, आणि तीन अंगरक्षकही त्या स्फोटात मारले गेले. त्यांचे सहकारी पाओलो बोर्सेल्लिनो १९ जुलै १९९२ रोजी आईच्या घरी गेले असताना दाराशीच बाँबस्फोटात पाच अंगरक्षकांसह गेले. पॅराग्वेचे अभियोक्ते मार्सेलो पेच्ची यांना १० मे २०२२ रोजी कोलंबियातील समुद्रकिनाऱ्यावर, मधुचंद्राच्या दिवसांत, पत्नीच्या देखत गोळ्या घातल्या गेल्या. हे वाचल्यावर अपहरण अतिरंजित आहे असे कसे म्हणावे? कुटुंबाला झळ पोहोचतेच. ती न दाखवणे हाच खोटेपणा ठरेल.

श्रद्धा_सानपाडा

मंदार, तुमच्या उदाहरणांचा मला नेमका उलटा अर्थ लागतो. यांपैकी एकाही घटनेत कुटुंबाला ओलीस धरून अभियोक्त्याला नमवण्याचा प्रयत्न झालेला नाही. बोर्सेल्लिनो आईला भेटायला येणार हे मारेकऱ्यांना माहीत होते, पेच्ची कुठे सुट्टी घालवत आहेत हेही माहीत होते. घर हे त्यांच्या दृष्टीने माणूस हमखास सापडण्याची जागा होती, इतकेच. थरारकथेने यातून काही घ्यायचेच असेल तर अपहरण घेऊ नये, वेळापत्रक घ्यावे. नायिका दर गुरुवारी मुलीला क्लासहून आणायला जाते, हे कुणाकुणाला ठाऊक आहे?

फाल्कोने आणि बोर्सेल्लिनो यांची आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. १९८५ च्या उन्हाळ्यात जिवाला धोका असल्यामुळे दोघांना कुटुंबांसह आसिनारा या तुरुंगाच्या बेटावर नेऊन ठेवले गेले आणि तिथे बसून त्यांनी त्या खटल्याचे कागद तयार केले. परत आल्यावर शासनाने त्यांच्याकडून तिथल्या राहण्याजेवणाचे पैसे मागितले. माझ्या मते अभियोक्त्याच्या घरावरची अख्खी कादंबरी त्या एका बिलात आहे. ज्या राज्यासाठी तुम्ही मुलाबाळांना बेटावर कोंडून घेता, ते राज्य तुम्हाला जेवणाचा हिशेब देते.

कोलशेतकर

आपल्याकडे त्या बिलावर शासनानेच वस्तू व सेवा करही लावला असता.

मंदार_ऐरोली

श्रद्धा, मुद्दा मान्य आहे, पण मग टेक्सासचे काय म्हणाल? कॉफमन परगण्यात ३१ जानेवारी २०१३ रोजी सहायक अभियोक्ता मार्क हॅसी यांना न्यायालयाकडे चालत जाताना ठार करण्यात आले, आणि ३० मार्च रोजी मुख्य अभियोक्ता माइक मॅकलेलंड व त्यांच्या पत्नी सिंथिया यांना राहत्या घरात. तिथे घरातच घुसले होते.

श्रद्धा_सानपाडा

हो, आणि घुसणारा कोण होता तेही पाहा. तो कोणत्याही टोळीचा म्होरक्या नव्हता. एरिक विल्यम्स त्याच परगण्यातला छोट्या दाव्यांचा न्यायाधीश होता. सरकारी संगणकांचे पडदे चोरल्याबद्दल याच दोघांनी त्याच्यावर खटला चालवला, त्याचे पद गेले आणि वकिलीही गेली. हॅसी यांच्या हत्येच्या वेळी गाडी चालवणारी त्याची स्वतःची बायको होती, आणि पुढे तिनेच न्यायालयात त्याच्याविरुद्ध साक्ष दिली. कुटुंब खलनायकाच्या बाजूलाही असते. अनघा, तुमच्या कादंबरीत आरोपीच्या घरातले कुणी बोलते का? की तिथे सगळेच पांढरे बूट घालून दुबईशी फोनवर बोलतात?

नाट्यवेडा_ठाणे

एक नम्र विनंती आहे. न्यायाधीशांच्या हातात लाकडी हातोडा देऊ नये आणि त्यांच्या तोंडी दोनदा ऑर्डर हा शब्द घालू नये. मालिका पाहणाऱ्या आमच्या मातोश्री प्रत्यक्ष न्यायालयात एकदा गेल्या तेव्हा हातोडा दिसला नाही म्हणून त्यांना ते न्यायालय दुय्यम दर्जाचे वाटले.

सई_खारघर

माझी आई सहायक सरकारी अभियोक्ता होती, त्यामुळे या धाग्यावर लिहिल्यावाचून राहवत नाही. वकीलकाकांनी सांगितल्याप्रमाणे ते पद न्यायदंडाधिकारी न्यायालयातले. तिथे टोळीयुद्धाचे खटले चालत नाहीत. मारामाऱ्या, चोऱ्या, विवाहितेच्या छळाचे चारशे अठ्ठ्याण्णव अ, धनादेश न वटल्याच्या तक्रारींची गर्दी. तरीही घराला काही नियम होते आणि ते कधी कुणी मोठ्याने सांगितलेले मला आठवत नाहीत. दारावरच्या पाटीवर फक्त आडनाव होते, हुद्दा नव्हता. फोन उचलल्यावर आई घरी आहे की नाही हे आम्ही सांगायचे नाही, कोण बोलत आहे ते आधी विचारायचे. फायली जेवणाच्या टेबलावर येत, पण वरचे पान नेहमी पालथे असे.

धमकीचा प्रसंग मला एकही सांगता येणार नाही. जे आठवते ते वेगळेच आहे. एकदा जांभळी नाक्यावर भाजी घेताना एका माणसाने आईला नमस्कार केला आणि म्हणाला, ‘मॅडम, ओळखलंत का? मी सुटलो.’ आईने त्याच्या मुलांची चौकशी केली, तोही अगदी अदबीने बोलला, माझ्याकडे पाहून ‘ही धाकटी का?’ असे विचारले आणि निघून गेला. तो काय आरोपावरून सुटला होता हे आईने कधी सांगितले नाही. त्या प्रश्नात धमकी होती का, याचा मी कितीतरी वेळा विचार केला आहे आणि मला अजूनही तसे वाटत नाही. पण आईला दोन मुली आहेत आणि त्यांतली मी धाकटी, हे त्याला ठाऊक होते.

अनघाताई, घरातील प्रकरणे निम्मी करू नका. मात्र त्या प्रकरणांत नायिका मुलीशी खटल्याबद्दल भरभरून बोलत असेल तर ते संवाद काढून टाका. बोलता येत नाही, हीच त्या घराची खरी अडचण असते.

प्रिया_वर्तकनगर

सईचा प्रतिसाद वाचून थांबायचे ठरवले होते, पण एक प्रश्न कुणीच विचारलेला नाही. नायक पुरुष असता तर हा धागा निघाला असता का? पुरुष सरकारी वकिलाच्या कथेत बायको रात्री अकराला जेवण गरम करते, एकदा ‘तुम्हाला आमची काही काळजीच नाही’ असे म्हणते आणि वाचक पुढच्या उलटतपासणीकडे वळतो. तिथे घरामुळे वेग मंदावतो अशी तक्रार कुणी करत नाही, कारण तिथे घरच नसते. तोल सांभाळण्याची अपेक्षा फक्त बाईकडून आहे.

मंदार_ऐरोली

हे थोडे एकांगी होते आहे. फाल्कोने दांपत्याने मुले होऊ दिली नाहीत, ती या धोक्यामुळेच, असे वाचल्याचे आठवते. पुरुषांच्या बाबतीतही प्रश्न असतोच.

प्रिया_वर्तकनगर

असतो, पण तो चरित्रात असतो, थरारकथेत नसतो. माझी तक्रार थरारकथेविषयी आहे. आणि अनघा, तो ऐरोलीचा नवरा कसा आहे? समजूतदार नवरा हे अलीकडे फार सोयीचे पात्र झाले आहे; लेखिकेला हवे तेव्हा तो डबा भरतो आणि हवे तेव्हा रुसतो. दहावीचा अभ्यास कोण घेते, हे मला त्याच्या स्वभाववर्णनापेक्षा महत्त्वाचे वाटते.

अनघा_नौपाडा

अभ्यास सासूबाई घेतात. त्या निवृत्त शिक्षिका आहेत. नवरा समजूतदार आहे, हा आरोप मान्य. हप्ते कोण भरतो हे खर्ड्यात नाही, ते आणते. आरोपीच्या घरातले कुणीही बोलत नाही, त्याचाही विचार करावा लागेल. कबुलीजबाबाबाबत काका निश्चिंत राहा. माझ्या खटल्याचा सारा भार एका प्रत्यक्षदर्शी साक्षीदारावर आहे, घणसोलीतील बांधकामाच्या जागेवरचा रखवालदार. तो मध्येच फितूर होतो.

वकीलकाका_चरई

मग तुमचे दुसरे घर तिथे आहे.

साक्षीच्या दिवशी साक्षीदार अभियोक्त्याच्या खोलीत येतो आणि त्याने पोलिसांना दिलेला जबाब त्याला वाचून दाखवला जातो. रखवालदाराबरोबर बहुधा त्याची बायको असेल, कडेवर मूल असेल, ती बाहेर व्हरांड्यात बसेल. नायिकेच्या मुलीचे अपहरण करण्याचे धाडस आरोपी सहसा करणार नाहीत. सरकारी वकिलाच्या घरच्यांना हात लावला तर अख्खे आयुक्तालय मागे लागते, हे त्यांना समजते. रखवालदाराच्या झोपडीत मात्र कुणीही जाऊन बसू शकतो, चहा पिऊ शकतो, गावाकडच्या भावाची चौकशी करू शकतो. खटला तिथे फुटतो.

साक्षीदार संरक्षण योजना, २०१८ ही सर्वोच्च न्यायालयाने ५ डिसेंबर २०१८ च्या निकालाने देशभर लागू केली. तीत धोक्याचे तीन वर्ग आहेत आणि साक्षीदाराच्या कुटुंबीयांचाही विचार आहे. निर्णय जिल्ह्याची समिती घेते : सत्र न्यायाधीश अध्यक्ष, जिल्ह्याचे पोलीसप्रमुख सदस्य आणि जिल्ह्यातील अभियोग शाखेचे प्रमुख सदस्य-सचिव. म्हणजे तुमच्या नायिकेने या कुटुंबासाठी अर्ज पुढे नेला की नाही, आणि नेला तर कधी, हा तिच्या टेबलावरचा विषय आहे. तो अर्ज पालथ्या फायलींच्या गठ्ठ्यात राहून गेला, कारण त्या आठवड्यात घरी मुलीची पूर्वपरीक्षा होती, असे घडले तर दोन्ही घरे एकाच प्रसंगात येतात आणि वेगही मंदावत नाही. मंदाररावांनाही तक्रार राहू नये.

आणि फितूर साक्षीदाराला कृपया खलनायक करू नका. गुजरातमधील २००२ च्या दंगलीतल्या बेस्ट बेकरी जळीत प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली खटला महाराष्ट्रात नव्याने चालवायला लावला, आधीच्या सरकारी वकिलाच्या वागण्यावर कडक ताशेरे ओढले. आणि शेवटी २००६ मध्ये जबाब फिरवणाऱ्या मुख्य साक्षीदार तरुणीलाच न्यायालयाच्या अवमानाबद्दल एक वर्षाची शिक्षा झाली. तिने आपल्या घरातली माणसे त्या जळितात गमावली होती. फितूर घोषित केल्यावर सरकारी वकील न्यायालयाच्या परवानगीने आपल्याच साक्षीदाराची उलटतपासणी घेतो. आदल्या आठवड्यात जिच्या मुलाला नायिकेने बिस्किटाचा पुडा दिला, तिच्या नवऱ्याला ती भर न्यायालयात खोटे पाडते. हा प्रसंग सविस्तर लिहा.

मंदार_ऐरोली

या प्रतिसादानंतर अपहरणाची मागणी मी मागे घेत नाही, पण पुढे ढकलतो.

अर्धविराम

आतापर्यंत सगळ्यांनी नायिका बरोबर आहे असे धरून चर्चा केली आहे. वकीलकाका स्वतः आरोपीतर्फे उभे राहतात, तरी त्यांनीही हा विषय काढला नाही याचे नवल वाटते. शिवकुमार विरुद्ध हुकुमचंद या १९९९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की काहीही करून आरोपीला शिक्षा मिळवून देण्याची तहान सरकारी अभियोक्त्याला असू नये. आरोपीच्या बाजूचा मुद्दा असेल तर तोही त्याने न्यायालयापुढे आणायला हवा. पाच आरोपींपैकी एक जण त्या रात्री तिथे नव्हता, असे दाखवणारा कागद नायिकेच्या हाती आला तर? तो सादर केला तर उरलेला खटलाही डळमळतो. घरी नवरा म्हणेल की इतके महिने आम्ही जे सोसले ते काय एका आरोपीला सोडवण्यासाठी? धोक्याने घर एकत्र येते असे चित्रपट सांगतात. अशा कागदाने ते फुटू शकते.

आणि आरोपीचा वकील विकला गेलेला, सोन्याची साखळी घातलेला दाखवू नका. शाहिद आझमी हे आरोपींचेच वकील होते आणि ११ फेब्रुवारी २०१० रोजी कुर्ल्यातील त्यांच्या कार्यालयात त्यांना गोळ्या घातल्या गेल्या.

वकीलकाका_चरई

अर्धविराम यांचे आभार. साखळीबाबत सांगायचे तर माझ्या गळ्यात फक्त पांढरा बँड असतो.

नाट्यवेडा_ठाणे

कादंबरी कोणत्या सालात घडते? १ जुलै २०२४ पासून नवे कायदे आले. खून त्याआधीचा असेल तर कलम ३०२, नंतरचा असेल तर भारतीय न्याय संहितेचे १०३. हातोड्याइतकेच हेही खटकते.

अनघा_नौपाडा

खून २०२१ मधला आहे, म्हणून ३०२ च राहील. अपहरण नाही, एवढे माझे नक्की झाले आहे. दुसरे घर रखवालदाराचे असेल आणि अर्धविराम यांचा कागद मी बहुधा घेणार आहे. एक शंका मात्र उरते. दबाव कुठून यावा? धमकीचा फोन मला नको आहे. नायिकेला खटला मध्येच सोडता येतो का?

वकीलकाका_चरई

व्यक्तिगत कारणाने ती या खटल्यातून मुक्त करण्याची विनंती करू शकते. मग दुसरा अभियोक्ता येतो आणि त्याला सारे कागद पहिल्यापासून वाचावे लागतात. खटलाच मागे घेणे ही वेगळी बाब आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ते कलम ३२१ होते, नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ३६०. तिथे अर्ज अभियोक्त्याने स्वतःच्या विचाराने करायचा असतो आणि न्यायालयाची संमती लागते. वरून सांगितले म्हणून सही केली, असे चालत नाही. निदान कागदोपत्री चालत नाही.

मंदार_ऐरोली

मग तुमचा दबाव इथेच मिळाला. फोन आरोपीकडून येऊ नये. मंत्रालयातून कुणी सभ्य गृहस्थ चहाला बोलावतील आणि म्हणतील, ‘मुलगी दहावीला आहे ना तुमची, एखाद्या आरोपीपुरता विचार करून पाहा.’ नेमणूक मुदतीची आहे, हे काकांनी पहिल्याच प्रतिसादात सांगितले आहे. त्याच सुमारास तिची मुदत संपत असेल आणि घराचा हप्ता तिच्या नावावर असेल, तर मी अपहरणाची मागणी कायमची सोडतो.

वकीलकाका_चरई

त्या गृहस्थांच्या तोंडी मुदतवाढीचा उल्लेख येऊ देऊ नका.

अनघा_नौपाडा

येऊ देणार नाही. दहावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असते, तेव्हा मुदत फेब्रुवारीअखेर संपवते आणि रखवालदाराची साक्ष तिच्या आधीच्या आठवड्यात ठेवते. प्रिया, हप्ता नायिकेच्या नावावर टाकला आहे. नवऱ्याचे काय करायचे ते अजून ठरत नाही, त्यावर तुमचे मत हवे आहे.

प्रिया_वर्तकनगर

त्याला कंपनीने बंगळुरूला बदली देऊ केली आहे आणि त्याने अजून हो किंवा नाही कळवलेले नाही, असे करून पाहा. समजूतदारपणा आपोआप कमी होईल.